भट्टी, मूस आणि ऑक्सिजन

झुरिकजवळच्या र्‍युशलिकॉन गावात आयबीएम कंपनीची संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथल्या दोन शास्त्रज्ञांनी, के. अलेक्स म्यूलर आणि गेऑर्ग बेडनॉर्ट्झ यांनी, एप्रिल १९८६ मध्ये एका जर्मन नियतकालिकाकडे एक शोधनिबंध पाठवला. बेरियम, लँथनम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या एका संयुगात ३० केल्व्हिनच्या आसपास विजेचा रोध एकाएकी कोसळतो, असे त्यात म्हटले होते. निबंध सप्टेंबरमध्ये छापून आला आणि पुढच्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दोघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल जाहीर झाले. इतक्या झटपट नोबेल मिळाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

त्या निबंधाच्या सारांशातल्या एका तपशिलाकडे मात्र फारसे कोणी थांबून पाहत नाही. नमुने ९०० अंश सेल्सिअसच्या खाली, ऑक्सिजन काढून घेणाऱ्या वातावरणात तापवले होते, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. कोणती मूलद्रव्ये किती घेतली याच्या बरोबरीने ती कशी भाजली हे सांगणे दोघांना आवश्यक वाटले. उच्च-तापमान अतिसंवाहकांचा इतिहास सहसा विक्रमांच्या आकड्यांतून सांगितला जातो: ३०, मग ९३, मग ११०, मग १३३ केल्व्हिन. पण प्रत्येक आकड्याच्या मागे एक भट्टी आहे. तिचे तापमान, तिच्यातला वायू आणि ती निवण्याचा वेग यांनी ठरवले की हाती आलेला काळा स्फटिक विजेचा रोध शून्यावर नेणार की साधा विद्युतरोधक राहणार. ही बाजू मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही, म्हणून ती इथे सविस्तर मांडतो.

अतिसंवाहकतेचा शोध १९११ सालचा. हॉलंडमधल्या लायडनला हाइके कामर्लिंग ओनेस यांनी द्रवरूप हीलियममध्ये पारा गार केला, तेव्हा ४.२ केल्व्हिनच्या सुमारास, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला, त्याचा रोध नाहीसा झाला. त्यानंतर सहा दशके धातू आणि मिश्रधातू यांच्यातच शोध चालला. १९७३ मध्ये नायोबियम आणि जर्मेनियमच्या संयुगाने २३ केल्व्हिन गाठले आणि गाडी तिथेच अडली. ऑक्साइडांकडे कोणी फारसे वळत नव्हते. ती तर चिनीमातीच्या कुळातली, एरवी वीज अडवणारी.

म्यूलर आणि बेडनॉर्ट्झ यांनी १९८३ च्या उन्हाळ्यात ऑक्साइडांचा मार्ग धरला, तोही निकेलच्या ऑक्साइडांपासून. दोन वर्षांहून अधिक काळ हाती काही लागले नाही. १९८५ च्या अखेरीस बेडनॉर्ट्झ यांना ग्रंथालयात फ्रान्सच्या कां शहरातल्या मिशेल, एर-राखो आणि राव्हो या रसायनशास्त्रज्ञांचा एक निबंध सापडला. बेरियम, लँथनम आणि तांब्याचे एक ऑक्साइड धातूसारखी वीज वाहते, हे त्यांनी दाखवले होते, पण मोजमाप उणे १०० अंशांपर्यंतच थांबले होते. अशा संयुगांवर आणखीही काही ठिकाणी काम झाले होते. मॉस्कोत शाप्लिगिन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लँथनम-स्ट्राँशियम-तांब्याची ऑक्साइडे बनवली होती, आणि आपल्याकडे सी. एन. आर. राव आणि पी. गांगुली यांनी लँथनम-तांबे ऑक्साइडाच्या विद्युत गुणधर्मांचा अभ्यास केला होता. पदार्थ हाताशी होता, पण अतिसंवाहकता शोधण्याच्या हेतूने तो पुरेसा गार करून कोणी पाहिला नव्हता.

जानेवारी १९८६ मध्ये बेडनॉर्ट्झ यांच्या नमुन्याचा रोध ११ केल्व्हिनला कोसळला. मग त्यांनी बेरियमचे प्रमाण आणि तापवण्याची रीत बदलत बदलत ही घसरण सुरू होण्याचे तापमान ३५ केल्व्हिनपर्यंत वर नेले. नमुना शुद्ध नव्हताच, त्यात तीन वेगवेगळ्या प्रावस्था मिसळलेल्या होत्या. त्यातली नेमकी कोणती अतिसंवाहक, हे टोकियो विद्यापीठातल्या शोजी तानाका यांच्या गटाने त्या वर्षाच्या अखेरीस निश्चित केले, आणि डिसेंबरात बॉस्टनच्या परिषदेत कोइची किताझावा यांनी ते जाहीर केले. त्यानंतर जगभर भट्ट्या पेटल्या.

२९ जानेवारी १९८७ रोजी अलाबामातल्या हंट्सव्हिल इथे माव-कुएन वू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लँथनमच्या जागी इट्रियम घातले. ह्यूस्टनच्या पॉल चू यांच्या गटाबरोबर त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला: संक्रमण तापमान सुमारे ९३ केल्व्हिन. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो, म्हणजे महागड्या हीलियमची गरज संपली. नमुना हिरव्या आणि काळ्या कणांचे मिश्रण होता. हिरवा भाग विद्युतरोधक निघाला आणि काळा भाग अतिसंवाहक. त्या काळ्या भागात इट्रियम, बेरियम आणि तांबे १:२:३ या प्रमाणात होते, म्हणून त्याला 'एक-दोन-तीन' असे नाव पडले. १८ मार्च १९८७ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात भरलेली अमेरिकन फिजिकल सोसायटीची बैठक मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच होती.

भारतातही त्याच महिन्यांत धावपळ सुरू झाली. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, गांगुली, रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी एक-दोन-तीन हीच अतिसंवाहक प्रावस्था आहे, हे दाखवणारा निबंध १९८७ मध्येच 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र इथेही या ऑक्साइडांवर काम सुरू झाले. द्रवरूप हीलियम तेव्हा देशात मोजक्याच ठिकाणी मिळे, नायट्रोजनची तशी अडचण नव्हती. तांब्याच्या ऑक्साइडांनी कमी साधनांच्या प्रयोगशाळांनाही दार उघडून दिले, ते असे.

कृती वाचायला सोपी होती. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड मापून खलात एकजीव करायचे. ९०० ते ९५० अंशांना तासन् तास भाजायचे. पुन्हा खलायचे, दाबून वडी पाडायची, पुन्हा भाजायचे. शाळेतल्या मुलांनाही ते जमले. पण एकाच मिश्रणाच्या दोन वड्या एकाच भट्टीतून काढल्या, त्यातली एक ९५० अंशांवरून थेट बाहेर काढून झटकन गार केली आणि दुसरी ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश निववली, तर पहिली नायट्रोजनमध्ये बुडवूनही निपचित राही आणि दुसरीवर चुंबक तरंगे. दिसायला दोन्ही काळ्याच.

या फरकाचे उत्तर ऑक्सिजनमध्ये होते. एक-दोन-तीनच्या जालकात तांबे आणि ऑक्सिजनचे सपाट थर असतात, अतिसंवाहकता तिथे घडते. त्या थरांच्या वरखाली तांबे आणि ऑक्सिजनच्या साखळ्या असतात. सूत्रात इट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे आकडे पक्के आहेत, ऑक्सिजनचा आकडा मात्र सहा ते सात यांच्यामध्ये कुठेही असू शकतो, आणि तो बदलतो तो साखळ्यांमध्येच. साखळीत ऑक्सिजन भरला की तो थरांमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि इलेक्ट्रॉन कमी झालेल्या थरांतून वीज बिनरोध वाहू लागते. आकडा सहाजवळ असेल तर पदार्थ विद्युतरोधक, ६.४ च्या आसपास अतिसंवाहकतेची सुरुवात, आणि ६.९ च्या पुढे ९० केल्व्हिनच्या वर.

क्ष-किरणांना ऑक्सिजन नीट दिसत नाही, कारण शेजारच्या बेरियमसारख्या जड अणूंच्या प्रकाशात तो झाकला जातो. न्यूट्रॉनला तो स्वच्छ दिसतो. शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत जेम्स जॉर्गेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये चूर्ण न्यूट्रॉनच्या झोतात ठेवूनच तापवले. तापमान वाढेल तसा साखळ्यांतला ऑक्सिजन निसटत गेला, आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये सुमारे ७०० अंशांना जालकाचा आकारच बदलला. त्या खाली स्फटिकाच्या पायाच्या दोन बाजू असमान होत्या, वर त्या समान झाल्या. ९५० अंशांवरून झटकन निववलेल्या वडीत ऑक्सिजन आत शिरायला वेळच मिळत नव्हता. सावकाश निवणारी वडी ४०० ते ५०० अंशांच्या टप्प्यात हवा तेवढा ऑक्सिजन शोषून घेत होती.

इथे भट्टीवाल्याची खरी अडचण दिसते. तापमान कमी असेल तर स्फटिकात जास्त ऑक्सिजन मावतो, पण तेव्हा ऑक्सिजनची हालचालही मंदावते. तापमान वाढवले तर तो भराभर फिरतो, पण आत टिकत नाही. सच्छिद्र वडीला काही तास पुरतात. मिलिमीटरभर जाडीच्या घट्ट स्फटिकाला मात्र त्याच मधल्या तापमानाला कित्येक दिवस, कधी आठवडे ठेवावे लागते. घाई केली तर बाहेरचा भाग भरतो आणि गाभा उपाशी राहतो.

बेल लॅबोरेटरीजमध्ये रॉबर्ट कावा यांच्या गटाने या अडचणीवर एक देखणा तोडगा काढला. वरच्या तापमानावरून झटकन निववून ऑक्सिजन कमी केला, तर उरलेले अणू अस्ताव्यस्त गोठतात. म्हणून त्यांनी चूर्ण आणि झिर्कोनियमचा पत्रा एकाच बंद नळीत ठेवला आणि सौम्य आचेवर तापवले. झिर्कोनियमला ऑक्सिजनचे आकर्षण फार, त्यामुळे तो चूर्णातून हळूहळू ऑक्सिजन ओढून घेई, आणि उरलेले अणू आपापल्या जागी नीट बसत. अशा नमुन्यांत संक्रमण तापमान ऑक्सिजनबरोबर सरळ उतरत गेले नाही. ते आधी ९० केल्व्हिनच्या आसपास टिकून राहिले आणि मग ६० केल्व्हिनच्या आसपास दुसऱ्या पायरीवर थांबले. ऑक्सिजन किती आहे यावरच सगळे ठरत नाही, तो कसा मांडला आहे यालाही वजन आहे, ही शंका तिथे बळावली.

त्या शंकेचा निकाल १९९० मध्ये आरगॉन प्रयोगशाळेतच लागला. बॉइड व्हील आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन कमी असलेले स्फटिक ५०० अंशांच्या वर तापवून थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकले. संक्रमण तापमान मोजले, मग ते स्फटिक खोलीच्या तापमानाला तसेच ठेवून दिले. ना भट्टी, ना वायू. काही तासांनी मोजले तर संक्रमण तापमान वाढलेले. दिवस गेले तसे ते आणखी वाढत गेले आणि हळूहळू स्थिरावले. वाढ सुमारे वीस केल्व्हिन, काही स्फटिकांत त्याहूनही अधिक. जॉर्गेन्सन यांच्या गटाने जवळजवळ अतिसंवाहक नसलेला नमुना असाच नुसता ठेवून अतिसंवाहक झालेला पाहिला. या काळात स्फटिकात ऑक्सिजनचा एकही अणू आला नव्हता की गेला नव्हता. मांडवात विखुरलेली माणसे पंगतीला बसावीत तसे साखळ्यांतले अणू रांगेत बसत होते, आणि रांगा जितक्या लांब तितके थरांतले इलेक्ट्रॉन अधिक ओढले जात होते. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रयोग आहे. खोलीतली साधी ऊबही उष्मोपचार ठरू शकते, हे त्याने आकड्यांनिशी दाखवले.

एवढा हिशेब कळल्यावर प्रश्न शुद्ध स्फटिकांचा होता. एक-दोन-तीनचे स्फटिक बेरियम ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइडच्या सुमारे हजार अंशांच्या वितळलेल्या रसातून वाढवतात, आणि हा रस ज्या मुशीत ठेवावा तिलाच खातो. अॅल्युमिनाच्या मुशीतले अॅल्युमिनियम स्फटिकात शिरून साखळ्यांतल्या तांब्याची जागा घेई आणि सगळा हिशेब बिघडवी. सोन्याची आणि झिर्कोनियाची मूसही पूर्ण निर्धोक ठरली नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर जिनिव्हात आंद्रेआस एर्ब आणि सहकाऱ्यांनी बेरियम झिर्कोनेटची मूस बनवली. हा पदार्थ त्या रसाला दाद देत नाही. पाठोपाठ कॅनडातल्या व्हँकूव्हरला, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात, रुइशिंग लियांग, डग बॉन आणि वॉल्टर हार्डी यांनी अशाच मुशीतून जगातले सर्वांत शुद्ध एक-दोन-तीन स्फटिक काढले.

त्यांच्या कामाची बारकाई समजून घेण्यासारखी आहे. भट्टीतून निघालेला स्फटिक सातशे अंशांखाली येताना त्याच्या पायाच्या दोन बाजू असमान होतात, पण कोणती बाजू लांब होणार हे जागोजागी वेगळे ठरते. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली असा स्फटिक पाहिला की कडांना तिरपे, एकमेकांना काटकोनात छेदणारे बारीक पट्टे दिसतात. हे पट्टे घालवण्यासाठी स्फटिक गरम असतानाच एका दिशेने हलकेच दाबतात. एकेक पट्टा मिटत जातो आणि शेवटी सगळीकडे एकच छटा उरते. जोर जास्त झाला तर स्फटिक फुटतो. त्यानंतर ऑक्सिजनचा आकडा ६.५ वर आणायचा, स्फटिकभर तो सारखा करायचा आणि मग अगदी सौम्य उष्णतेत दिवसेंदिवस ठेवायचे. तेव्हा एक साखळी भरलेली, शेजारची रिकामी, अशी आळीपाळीची रचना तयार होते.

हे स्फटिक फ्रान्समधल्या तुलूझला ६० टेस्लाच्या घरातल्या चुंबकीय क्षेत्रात ठेवले गेले. २००७ मध्ये सिरिल प्रूस्त, लुई तैयफेर आणि सहकाऱ्यांनी त्यांत क्वांटम दोलने पाहिली. कमी भरणाच्या तांबे-ऑक्साइडांत इलेक्ट्रॉन धातूसारखे वागतात की नाही, हा वीस वर्षांचा वाद त्या मोजमापाने नव्या पायावर आणला. ही दोलने गढूळ स्फटिकात दिसत नाहीत. चुंबक, मोजणारी यंत्रे आणि सिद्धान्त यांच्याइतकेच श्रेय व्हँकूव्हरच्या भट्टीला आहे.

ऑक्सिजन भरला की अतिसंवाहकता येते, हा नियम मात्र सर्वत्र चालत नाही. १९८९ मध्ये तोकुरा, ताकागी आणि उचिदा यांनी निओडिमियम, सेरियम आणि तांब्याचे ऑक्साइड बनवले. त्यात थरांमध्ये इलेक्ट्रॉन घालावे लागतात. भट्टीतून निघालेला हा पदार्थ अतिसंवाहक नसतोच. आरगॉनसारख्या निष्क्रिय वायूत तो पुन्हा हजार अंशांच्या आसपास तापवून अगदी किंचित ऑक्सिजन काढावा लागतो. मग तो २५ केल्व्हिनच्या सुमारास अतिसंवाहक होतो. एवढ्याशा बदलाने आत नेमके काय घडते, यावर आजही मतभेद आहेत: कोणी म्हणतो चुकीच्या जागी बसलेला ऑक्सिजन निघून जातो, कोणी म्हणतो तांब्याच्या रिकाम्या जागा भरून निघतात. ज्या निकेलवर म्यूलर-बेडनॉर्ट्झ यांनी दोन वर्षे घालवली, त्यालाही शेवटी याच वाटेने यश आले. २०१९ मध्ये स्टॅनफर्डला हॅरल्ड ह्वांग यांच्या गटाने निकेल ऑक्साइडाचा पातळ थर कॅल्शियम हायड्राइडसोबत तीनशे अंशांच्या आत तापवून त्यातला ऑक्सिजन काढला, आणि निकेलचे ऑक्साइड अतिसंवाहक झाले.

प्रयोगशाळेबाहेरही भट्टीनेच मार्ग काढला. १९८८ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा इथे हिरोशी माएदा यांनी बिस्मथची ऑक्साइडे शोधली. त्यांची तार चांदीच्या नळीत भरून ओढतात. तापलेल्या चांदीतून ऑक्सिजन आरपार जातो, म्हणून आतला पदार्थ नळीत बंद असूनही त्याला हवे ते वातावरण देता येते. त्याच वर्षी बेल लॅबोरेटरीजमध्ये सुंगहो जिन यांनी एक-दोन-तीन वितळवून सावकाश थिजवले, तेव्हा कण एका दिशेने लागले आणि वीज वाहण्याची क्षमता साध्या वडीच्या कितीतरी पट वाढली. या रीतीच्या सुधारित रूपातून बनवलेल्या ठोकळ्यांनी २०१४ मध्ये केंब्रिजला २६ केल्व्हिनला १७.६ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र धरून ठेवले. अशा ठोकळ्यांनाही शेवटी ऑक्सिजनमध्ये दीर्घकाळ ठेवावेच लागते.

या इतिहासाचा उपयोग आजच्या वाचकालाही आहे. २०२३ च्या जुलैत दक्षिण कोरियातून एलके-९९ नावाच्या पदार्थाची बातमी आली: खोलीच्या तापमानालाच अतिसंवाहक! समाजमाध्यमांवर चुंबकाजवळ अर्धवट उचललेल्या तुकड्यांची चित्रे फिरली. काही आठवड्यांत उलगडा झाला. ९२५ अंशांच्या भाजणीत त्या नमुन्यात कॉपर सल्फाइड मिसळून राहत होते, आणि त्या सल्फाइडाचा रोध शंभर अंशांच्या थोडे वर आपोआपच झपाट्याने बदलतो. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत सल्फाइड नसलेला शुद्ध स्फटिक वाढवला, तर तो जांभळट, पारदर्शक आणि पक्का विद्युतरोधक निघाला.

म्हणून पुढच्या वेळी वृत्तपत्रात नव्या अतिसंवाहकाचा विक्रम वाचाल, तेव्हा तापमानाच्या आकड्यावर थांबू नका. नमुना कोणत्या मुशीत, कोणत्या वायूत, किती अंशांवर भाजला आणि किती सावकाश निववला, ते विचारा. दुसऱ्या प्रयोगशाळेने तीच भाजणी करून तेच मिळवले का, हेही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर तो विक्रम अजून सिद्ध झालेला नाही असेच समजावे. आणि आपल्या विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांना एवढेच सांगावेसे वाटते: भट्टीजवळ रात्र काढणे हे दुय्यम दर्जाचे काम मानू नका. या क्षेत्रातला प्रत्येक टिकाऊ शोध त्या कामावरच उभा आहे.